छर्ऱ्यांची बंदूक घरात आली तर

 

दिवाळी झाली की आपल्याकडे मंडई भरते. माहेरवाशिणी येतात, रात्री दंडार होते, अन् दिवसा पोट्टे खेळण्यांच्या दुकानासमोरून हलत नाहीत. पुढे कार्तिक पौर्णिमेला रामटेकची जत्रा असते. या दुकानांतून पूर्वी पिपाणी, भिंगरी, टिकल्यांचं पिस्तूल यायचं. आता तिथं एक वेगळी वस्तू टांगलेली दिसते. हुबेहूब पोलिसाच्या किंवा सैनिकाच्या हातातल्यासारखी काळी बंदूक. तिच्यासोबत प्लास्टिकच्या गोल छर्ऱ्यांची पुडी मिळते. काहींना बॅटरी असते. चाप दाबून धरला की तडतडतड छर्रे सुटतच राहतात. आज आपल्याला या बंदुकीबद्दल बोलायचं आहे.

मी हा विषय घेतला, कारण गटांच्या बैठकांमधून दोन प्रश्न माझ्यापर्यंत आले. एका ताईंनी विचारलं, "पोरगा आंगणात दिवसभर हेच खेळून राहिला, खेळू द्यावं का?" आणि खेळण्यांचं दुकान लावणाऱ्या एका गटानं विचारलं, "या मालावर फायदा बरा सुटतो, मंडईत ठेवायचा का?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरं शेवटपर्यंत ऐकाल तर मिळतील.

आधी एक कबूल करू. नेम धरण्यात मजा आहे, अन् ती फक्त पोरांना येते असं नाही. जत्रेत फुगे फोडायच्या दुकानावर बायकाही थांबतात. पहिला फुगा फुटला की पदर खोचून दुसऱ्यावर नेम धरतात. लहानपणी आपण चिंचा पाडायला दगड मारलेच होते. तेव्हा "बंदूक वाईट, खेळू नका" एवढं सांगून मी मोकळी होणार नाही. पोरगं आपलं ऐकणारही नाही. आपण ही वस्तू नीट समजून घेऊ.

हिचा जन्म कुठला, ऐका. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या प्लिमथ गावी पवनचक्क्या बनवणारी एक कंपनी होती. गिऱ्हाईक शेतकरीच. पवनचक्की खपावी म्हणून कंपनीनं १८८८ च्या सुमारास तिच्यासोबत हवेच्या दाबावर चालणारी एक छोटी बंदूक भेट द्यायला सुरुवात केली. झालं असं, की लोकांना पवनचक्कीपेक्षा भेटच जास्त आवडली. कंपनीनं पुढे पवनचक्क्या सोडल्या अन् बंदुकाच बनवायला घेतल्या. 'डेझी' हे तिचं नाव. त्या बंदुकीचे छर्रे धातूचे. पुढे जपानमध्ये, जिथं सामान्य माणसाला खरी बंदूक ठेवणं फार अवघड, तिथं १९७० नंतरच्या काळात खऱ्या बंदुकीसारख्या दिसणाऱ्या, पण ६ मिलीमीटरचे प्लास्टिकचे छर्रे मारणाऱ्या बंदुका निघाल्या. १९९१ मध्ये तिथल्या टोकियो मारुई कंपनीनं बॅटरीच्या मोटरवर आपोआप छर्रे सोडणारी बंदूक बाजारात आणली. आपल्या मंडईत टांगलेली बॅटरीवाली बंदूक त्याच वंशातली.

तिच्या पोटात काय असतं? एक स्प्रिंग, एक दट्ट्या आणि बॅटरीवाल्या बंदुकीत एक छोटी मोटर. मोटर दात्यांची चाकं फिरवते, चाकं स्प्रिंग मागे ओढतात अन् सोडतात. दट्ट्या पुढे धावतो, हवा दाबली जाते, आणि ती हवा छर्ऱ्याला नळीतून बाहेर फेकते. म्हणजे सायकलच्या पंपाचंच तत्त्व. आत दारू नाही, आग नाही, म्हणून आपल्याला वाटतं की यात भ्यायचं काय.

आता थोडा हिशोब करू. आपण गटातल्या बायका हिशोबाला घाबरत नाही. या मोठ्या प्रतीच्या बंदुकांचा नेहमीचा छर्रा ०.२ ग्रॅमचा असतो. म्हणजे पाच छर्रे मिळून एक ग्रॅम. वजन काहीच नाही. पण जपाननं २००६ मध्ये कायदा करून या छर्ऱ्याच्या ताकदीवर मर्यादा घातली, ती ०.९८ ज्यूल. त्या मर्यादेतला ०.२ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला जवळपास ९९ मीटर, म्हणजे ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या वेगानं सुटतो. आपल्या महामार्गावरच्या ट्रॅव्हल्सच्या चौपट वेग धरा. मंडईतली स्वस्त बंदूक इतकी जोरदार नसते, हे खरं. पण तिच्यावर तिचा जोर लिहिलेलाही नसतो. दोन सारख्या दिसणाऱ्या बंदुकांमध्ये एक मवाळ आणि एक जहाल असू शकते, अन् दुकानदारालाही ते ठाऊक नसतं.

हातावर बसला तर लाल ठिपका उठतो, पोरगं "आई गं" म्हणतं अन् पुन्हा खेळायला लागतं. धोका आहे तो डोळ्याला. का, ते सांगते. देवानं डोळा खोबणीत बसवला आहे. वर भुवईचं हाड, खाली गालाचं हाड. चेंडू तोंडावर आला तर तो बहुतेक वेळा या हाडांवर अडतो, डोळ्याला थोडाच धक्का बसतो. पण ६ मिलीमीटरचा छर्रा तुरीच्या दाण्याएवढा. त्याला हाड अडवू शकत नाही. तो सरळ बुबुळावर जातो. डोळ्याच्या आत रक्त साचतं, भिंग सरकतं किंवा पुढे मोतीबिंदू होतो, आतला पडदा फाटू शकतो. कधी बाहेरून डोळा नुसता लाल दिसतो अन् आत दाब वाढत जातो. चार दिवसांनी पोरगं म्हणतं, धूसर दिसते. तोवर उशीर झालेला असतो.

आणि आपोआप चालणाऱ्या बंदुकीत आणखी एक गोष्ट आहे. साध्या बंदुकीत एक छर्रा मारला की पुन्हा स्प्रिंग ओढावी लागते. तेवढ्या वेळात समोरचा ओरडतो, मारणारा थांबतो. मोठ्या बॅटरीवाल्या बंदुकीतून एका सेकंदात दहा-पंधरा छर्रे निघतात. पहिला छर्रा पाठीला लागला म्हणून समोरच्या पोरानं मान वळवली, की पुढचे छर्रे तोंडावर. मारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. फक्त त्याला थांबायला वेळच मिळत नाही.

तिसरी गोष्ट, ती खरी बंदूक दिसते. अमेरिकेत खेळण्याच्या बंदुकीच्या तोंडाला नारंगी रंगाची टोपी लावणं १९८८ च्या कायद्यानं बंधनकारक केलं आहे, लांबून ओळखू यावं म्हणून. तिथं क्लीव्हलँड शहरात २२ नोव्हेंबर २०१४ ला तामिर राइस नावाचा १२ वर्षांचा पोरगा बागेत अशीच छर्ऱ्यांची बंदूक घेऊन खेळत होता. तिच्यावरची नारंगी खूण निघालेली होती. कुणीतरी पोलिसांना फोन केला. पोलिसांची गाडी आली अन् दोन सेकंदांत गोळी सुटली. दुसऱ्या दिवशी पोरगं गेलं. देश दूरचा आहे, पण माय तर सगळीकडे सारखीच. आपल्याकडे बँकेच्या दारात, बसस्थानकावर, रात्री नाक्यावर कुणी अशी बंदूक काढली तर समोरच्याला ती खेळण्यातली आहे हे कसं कळणार? नागपूरच्या पूर्वेला गोंदिया-गडचिरोलीकडे ज्यांची सोयरीक आहे, त्यांना तर हे जास्त सांगायला नको. ही बंदूक आंगणाच्या बाहेर जाता कामा नये.

आता घरात ती आलीच असेल तर काय करायचं? फेकून द्या म्हटलं तर मामानं भाऊबीजेला दिलेली वस्तू, घरात रुसवे होतील. मग नियम लावा. नियम असे, की पोरगंही मानेल.

पहिला नियम, माणसावर, जनावरावर, पाखरावर नेम नाही. गंमत म्हणूनही नाही, बंदूक रिकामी आहे म्हणूनही नाही. मॅगझिन काढलं तरी एखादा छर्रा नळीत अडकून राहतो, आणि 'रिकाम्या' बंदुकीतून सुटतो तो तोच. नियम एकदा मोडला की बंदूक त्या दिवसापुरती कपाटात. दुसऱ्यांदा मोडला की कायमची.

दुसरा नियम, डोळ्यावर चष्मा. साधा उन्हाचा चष्मा किंवा नंबरचा चष्मा चालत नाही, तो फुटून काच डोळ्यात जाते. दणका सोसणारा, बाजूनंही बंद असलेला पॉलिकार्बोनेटचा चष्मा लागतो. कामगारांच्या सुरक्षेचं सामान विकणाऱ्या दुकानात मागा. चष्मा खेळणाऱ्यालाही अन् बघणाऱ्यालाही. चष्म्याला पैसे नाहीत, तर बंदुकीलाही पैसे नाहीत, असा हिशोब धरा.

तिसरा नियम, नेम कुठे धरायचा ते आईनं ठरवायचं. टिनाच्या पत्र्यावर, सिमेंटच्या भिंतीवर, विटांवर मारलेला छर्रा उलटा येतो. दोरीवर जुनी गोधडी किंवा रिकामं पोतं सैल टांगा, ते छर्ऱ्याचा जोर गिळतं. त्याच्यापुढे खोक्यात चिंध्या भरून ठेवा अन् खोक्यावर कोळशानं गोल काढा. पोत्याच्या मागे रस्ता, गोठा, शेजारणीचं आंगण नको. मारणारा एक, बाकी सगळे त्याच्या पाठीमागे. कुणी छर्रे वेचायला पुढे गेलं की बंदूक जमिनीवर.

चौथा, मोठं माणूस समोर पाहिजे. बॅटरी आईजवळ राहील. खेळ झाला की छर्रे मोजून वेचायचे. आंगणात सांडलेले छर्रे कोंबड्या दाणे समजून टिपतात, अन् रांगतं लेकरू तोंडात घालतं. पाण्यात भिजवून फुगणाऱ्या मऊ गोळ्यांची जी बंदूक आता निघाली आहे, तिच्या गोळ्यांची तर जास्त काळजी घ्या. त्या कोरड्या असताना मोहरीएवढ्या असतात. बाळानं गिळल्या तर पोटात फुगतात, आतडं अडवतात.

घरात वावरातली माकडं हाकलायला एअरगन ठेवली असेल, तर ते खेळणं नाही, हेही पोरांना सांगा. ४.५ मिलीमीटरपर्यंतची अन् २० ज्यूलपेक्षा कमी ताकदीची एअरगन ठेवायला आपल्या देशात परवाना लागत नाही. पण परवाना लागत नाही म्हणजे धोका नाही, असं नव्हे. २० ज्यूल म्हणजे जपाननं छर्ऱ्यांच्या बंदुकीला घातलेल्या मर्यादेच्या वीसपट. ती कुलपात ठेवा. आणि मोर, पोपट मारणं हा वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, मग हत्यार काहीही असो.

एवढं करूनही छर्रा डोळ्याला लागला तर? हे नीट ऐका, शेजारणीलाही सांगा. डोळा चोळायचा नाही, दाबायचा नाही. दूध, तूप, मध, काजळ, कुणाचे उरलेले थेंब, काहीही घालायचं नाही. डोळ्यात काही रुतलं असेल तर उपसायचं नाही. कागदी कपाचं बूड किंवा छोटी स्वच्छ वाटी डोळ्यावर पालथी धरा, ती भुवईच्या अन् गालाच्या हाडावर टेकेल, डोळ्याला लागणार नाही अशी. चिकटपट्टीनं बसवा. पोराला डोकं उंच ठेवून बसवा, खायला देऊ नका, कदाचित शस्त्रक्रिया करावी लागेल. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. नागपुरात मेडिकल आणि मेयो, दोन्ही सरकारी रुग्णालयांत डोळ्यांचा विभाग आहे. डोळा बरा दिसला, दुखणं थांबलं, तरी त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरला दाखवायचंच. आणि मारणाऱ्या पोराला तेव्हा झोडपू नका. मार बसेल या भीतीनं पोरं दोन-दोन दिवस सांगत नाहीत, अन् तेच दोन दिवस डोळ्याला महाग पडतात.

एक वेगळा प्रकार इथंच सांगते. २०२५ च्या दिवाळीत शेजारच्या मध्य प्रदेशात, भोपाळ, विदिशा, ग्वाल्हेर भागात प्लास्टिकच्या पाइपच्या 'कार्बाइड गन' विकल्या गेल्या. पाइपात कार्बाइडचे खडे, वर पाणी, त्यातून गॅस निघतो अन् लायटरच्या ठिणगीनं धडाका होतो. आवाज का झाला नाही म्हणून पोरं पाइपात डोकावली अन् तेव्हाच धडाका झाला. शंभरावर लोकांचे डोळे दुखावले, त्यांत बहुतेक पोरंच. काहींची नजर गेली. मग प्रशासनानं बंदी घातली. ही वस्तू घरात एक दिवसही नको, तिला नियम लावून उपयोग नाही. तिच्यातली भुकटी डोळ्यात गेली तर मात्र उलटं करायचं. ताबडतोब भरपूर स्वच्छ पाण्यानं डोळा धूत राहायचं, अन् मग दवाखाना.

आता दुकान लावणाऱ्या ताईंचा प्रश्न. १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात १४ वर्षांखालच्या मुलांची खेळणी आयएसआय चिन्हाशिवाय विकता येत नाहीत. हे फक्त कारखान्याला नाही, विकणाऱ्यालाही लागू आहे. तेव्हा इतवारीत माल घेताना खोक्यावर आयएसआय चिन्ह आणि त्याचा परवाना क्रमांक बघा, पक्कं बिल मागा. जिथं चिन्ह नाही, बिल नाही, वय लिहिलेलं नाही, तो माल कितीही फायद्याचा असला तरी गटाच्या नावावर घेऊ नका. गटाचं नाव वर्षानुवर्षं वीस-पन्नास रुपये साठवून उभं राहिलेलं असतं. गावातल्याच एखाद्या पोराचा डोळा आपण विकलेल्या बंदुकीनं गेला, तर त्याची आई पुढच्या बैठकीत आपल्याच शेजारी बसलेली असेल. तिला काय सांगणार? माझं मत विचाराल तर छर्रे मारणारी बंदूक दुकानात ठेवू नये.

मग विकायचं काय? आपल्या नागपूरचा तान्हा पोळा आठवा. भोसल्यांच्या काळापासून पोरांच्या हाती लाकडी नंदी देणारा हा मुलूख. कारागीर म्हणून हस्तशिल्प विभागाकडे नोंद असलेल्यांच्या खेळण्यांना त्या आयएसआयच्या नियमातून सूट आहे. लाकडी बैल, भोवरे, नेम धरायची हौस असेल तर कडी फेकून खुंट्यात अडकवायचा खेळ, चिंध्यांचा चेंडू अन् डबे. हे गटाला करता येण्यासारखं आहे.

आणि एखाद्या पोरीचा, पोराचा हात खरंच स्थिर असेल, नेम पक्का असेल, तर ते गुण वाया घालवू नका. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतनं २०१० मध्ये म्युनिकला नेमबाजीचं जागतिक सुवर्णपदक घेतलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक आणलं, तोही खेड्यातलाच पोरगा. नेमबाजीत सुरुवात सहसा १० मीटर एअर रायफलपासून होते. तिथं मधल्या ठिपक्याची रुंदी अर्धा मिलीमीटर असते. अन् प्रशिक्षक पहिल्या दिवशी नेम शिकवत नाही. नळी कुठं ठेवायची, ती माणसाकडे कधीच वळवायची नाही, हे शिकवतो. जो नियम ऑलिंपिकच्या खेळाडूला, तोच आपल्या आंगणातल्या पोराला, हे सांगितलं की पोराला तो अपमान वाटत नाही.

शेवटी एक उदाहरण. अरुणाचल प्रदेशात घरोघर एअरगन होत्या, पाखरं मारायला. मार्च २०२१ मध्ये पूर्व कामेंग जिल्ह्यातल्या लुमडुंग गावातून मोहीम सुरू झाली, की लोकांनी आपण होऊन बंदुका जमा कराव्यात. त्या वर्षाअखेर सोळाशेवर बंदुका जमा झाल्या होत्या. कुणी घरात शिरून हिसकावल्या नाहीत, लोकांनीच आणून दिल्या. एका घरानं ठरवलं तर शेजारचं पोरगं मारतंच. गावानं ठरवलं तर फरक पडतो.

म्हणून या आठवड्याच्या बैठकीत, हप्ते जमा झाले, सह्या झाल्या, की हा विषय घ्या. गावात किती घरांत छर्ऱ्यांची बंदूक आहे ते बोलून काढा. चष्म्याशिवाय खेळ नाही अन् माणसावर नेम नाही, एवढे दोन नियम सगळ्या घरांनी मिळून लावायचे का, ते ठरवा. मंडईत गटाच्या दुकानात ती ठेवायची नाही, हा ठराव वहीत लिहा. ग्रामसंघातही मांडा. वाटीनं डोळा कसा झाकायचा, ते एकीनं दुसरीला करून दाखवा. दहा मिनिटांचं काम आहे.

तुमच्या गटात काय ठरलं ते कळवा, पुढच्या कार्यक्रमात वाचून दाखवू. बरं तर, निरोप घेते. नमस्कार.